अध्यक्षांचं निवेदन

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी एक बाई होती. आवाज जाडाभरडा, कायम घसा बसल्यासारखा. म्हणून तिच्या आत्याने लहानपणी चेष्टेने तिला बुलबुल म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. बुलबुल स्वतः गाणी रचायची, गिटारवर म्हणायची, आणि ऐकणाऱ्याच्या मनातून ती गाणी लवकर जात नसत. त्यांचा अल्बम काढायचा तर स्टुडिओचं भाडं तिला परवडणारं नव्हतं, आणि असल्या कामाला बँका दारात उभं करत नाहीत.

तिच्या वस्तीत एक निधी होता. घरोघरी थोडे थोडे पैसे जमवायचे, त्यातून एखाद्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला बिनव्याजी कर्ज द्यायचं, आणि अल्बम चालला की त्याने ते फेडायचं. कल्पना चांगलीच होती. ती ज्यांना सुचली त्या शाळेतल्या संगीताच्या बाई दुसरीकडे राहायला गेल्या, आणि निधी विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या हाती आला. त्यांना सगळे अध्यक्ष म्हणत, घरी बायकोसुद्धा. जन्मभर लोकांना मरणाची भीती घालून पॉलिसी विकल्यावर आता त्यांना कलेची सेवा करायची होती. समितीत आणखी दोघे होते. एक दातांचे डॉक्टर, ज्यांना संगीतातलं एवढंच कळे की दवाखान्यात ते हळू लावायचं असतं. दुसरे फर्निचरवाले, ज्यांना तेवढंही कळत नसे, पण बैठक त्यांच्या दुकानाच्या माडीवर होई आणि खुर्च्या त्यांच्या असत.

बुलबुलने बैठकीत तीन गाणी म्हटली. फर्निचरवाल्यांना ती उदास वाटली. डॉक्टरांनी विचारलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पाहिल्यात का. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते, ते रसिकतेने की झोपेने हे कळायला मार्ग नव्हता. कर्ज मात्र मंजूर झालं.

ती स्टुडिओत गाऊ लागली तेव्हा समिती पाहायला आली. काचेपलीकडच्या सोफ्यावर बसून तिघांनी रेकॉर्डिंग करणाऱ्याची बिस्किटं संपवली. मग अध्यक्षांना एका बटणाचा शोध लागला. ते दाबून बोललं की आवाज थेट गाणाऱ्याच्या कानात जातो. बुलबुल आईच्या शेवटच्या दुखण्यावरचं गाणं म्हणत होती. दुसऱ्या कडव्यात तिच्या कानात अध्यक्ष म्हणाले, जरा हसऱ्या चेहऱ्याने म्हणा, ऐकणाऱ्याला कळतं ते. तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली, पाणी प्यायलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

घरी तिने हे आत्याला सांगितलं. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं, आणि निधीत स्वतःचेही पैसे घातले होते.

"कर्ज घेतलंयस," आत्या म्हणाली, "गळा गहाण नाही टाकलास."

पण खरा प्रसंग पुढेच होता. अध्यक्षांनी कळवलं की गाणी जनतेला जड जातील, तेव्हा प्रत्येक गाण्याआधी त्यांचं निवेदन असावं. त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच आवाजात. त्याशिवाय कर्जाचा शेवटचा हप्ता सुटणार नाही. त्या दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायचं यंत्र चालू ठेवून, बुलबुल रडली. मग डोळे पुसून तिने हो कळवलं.

अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कलावंत आणि समाज यांच्या नात्यावर बोलू लागले. गाण्यापेक्षा निवेदन लांब होत गेलं. एरवी चार शब्द न बोलणारा रेकॉर्डिंगवाला शेवटी म्हणाला, "हे गाण्याला जोडून नको. वेगळा ट्रॅक करू. म्हणजे यादीत तुमचं नाव स्वतंत्र दिसेल."

अध्यक्ष खूश झाले. बुलबुलने रेकॉर्डिंगवाल्याकडे पाहिलं. तो खाली बघून वायर गुंडाळत होता.

अल्बम इंटरनेटवर आला. रेडिओवरच्या एका बाईंनी आईचं गाणं लावलं आणि ते माणसामाणसांतून पसरत गेलं. समितीने सत्कार ठेवला. माडी भरली. अध्यक्षांनी मोठ्या मनाने रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं की कुठल्या ट्रॅकला किती ऐकणारे आहेत ते भिंतीवर दाखवा.

त्याने दाखवलं. गाण्यांपुढे हजारांचे आकडे होते. निवेदनांपुढे शून्य, त्याखाली शून्य, त्याखाली शून्य. डॉक्टरांनी ऐकलेलं नव्हतं, फर्निचरवाल्यांनीही नाही. फक्त पहिलं निवेदन बऱ्याच वेळा वाजलं होतं.

"बघा," अध्यक्ष म्हणाले, "रसिक आहेत."

"एकच ऐकणारा आहे," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "परत परत तोच."

"हेच ते," अध्यक्षांच्या बायकोने शांतपणे सांगितलं. "जेवताना लावतात."

कोणी हसलं नाही. लोक आपापल्या चपलांकडे पाहू लागले. बुलबुलला त्या म्हाताऱ्याची दया यायला हवी होती. ती आली नाही. तिला मनापासून आनंद झाला आणि तिने तो लपवला नाही.

पण लाज ज्याला असते त्यालाच वाटते. अध्यक्षांनी घसा खाकरून निदान केलं की दोष गाण्यांचा आहे. मध्येमध्ये ती येतात आणि निवेदनाचा ओघ तुटतो. तेव्हा नुसत्या निवेदनांचा अल्बम निधीतून काढावा, आणि मागे बुलबुलने हलकंसं गुणगुणावं. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. हात वर झाले.

"मी नाही गुणगुणणार," बुलबुल म्हणाली.

तुमचं कर्ज अजून फिटलेलं नाही, अध्यक्षांनी आठवण करून दिली. तिने सांगितलं, "हप्ता वेळेवर येईल. मी येणार नाही."

आत्या उठली आणि तिने आपला वाटा परत मागितला. त्यासाठी ठराव करावा लागेल, असं उत्तर आलं.

"मग करा की," आत्या म्हणाली. "हात वरच आहेत तुमचे."

ठराव झाला नाही. निवेदनांचा अल्बम मात्र निघाला, आणि त्यात निधीचे उरलेसुरले पैसे गेले. बुलबुलचं कर्ज गाण्यांच्या कमाईतून फिटलं. ती अजून काचा बसवते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच स्टुडिओत नवी गाणी म्हणते. भाडं जमेल तसं दे, एवढंच रेकॉर्डिंगवाल्याने सांगितलंय. तिला आपणच घडवली, असं अध्यक्ष भेटेल त्याला सांगतात.