अजून थोडं खोल

थोरल्याने चरात टाकलेला पाइप पुन्हा बाहेर ओढला आणि कुदळ उचलली.

"दादा, आता काय राहिलं?" धाकट्याने कपाळावर हात मारला. "वायर पुरायचीय की विहीर पाडायचीय?"

"उद्या कुणी झाड लावायला खणलं तर? विजेशी चेष्टा नको."

बोलणं खरंच होतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. परसाच्या टोकाला धाकट्याने नवं घर बांधलं होतं; हा चर तिथवर वीज न्यायला होता. त्यात वडिलांसाठी एक खोली, पूर्वेला ऐसपैस खिडकी. 'दिवा लागला की बिऱ्हाड हलवतो,' असं वडील सकाळीच हसत म्हणाले होते. वडिलांचा खोकला कुठल्या कुशीवर थांबतो, हे थोरल्याला झोपेतही कळायचं. कौतुक मात्र खिडकीचं चाललं होतं.

चर दुपारी गुडघाभर होता, ऊन कललं तेव्हा मांडीला लागला. तळातला एकेक दगड थोरला हाताने चाचपून काढत होता. पाइपला टोचायला नको. मग तो पाइपखाली अंथरायच्या वाळूच्या ढिगाकडे वळला आणि मूठभर वाळू बोटांतून गाळत बसला.

"खडे आहेत हिच्यात."

"पिठाची चाळणी देऊ का?" दारातून थोरल्याच्या बायकोने टोमणा मारला.

"दे."

ती हसता हसता थांबली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने एकदा पाहिलं आणि चाळणी आणून दिली.

काठी टेकत वडील चराच्या कडेशी आले.

"बाबा, आता तुम्हीच सांगा याला," धाकटा म्हणाला. "वायर ओढली की तासाभरात दिवा. आज रात्री तिकडेच झोपा."

वडिलांनी धाकट्याच्या उजळ चेहऱ्याकडे पाहिलं. मग थोरल्याकडे. तो मान खाली घालून वाळू चाळत होता. पापण्यांवरसुद्धा माती बसली होती. वडिलांनी काठी चरात सोडली. निम्म्याहून जास्त आत गेली, तेव्हा कुठे ती तळाला टेकली. काठी वर काढून, टोकाची माती त्यांनी अंगठ्याने सावकाश पुसली.

"इकडे जरा उथळच वाटतंय रे," ते म्हणाले.

धाकट्याने हातातलं वायरचं भेंडोळं खाली ठेवलं.

थोरल्याने चाळणी बाजूला ठेवली आणि कुदळ घेऊन तो पुन्हा खाली उतरला.