एका ताऱ्याची आणेवारी

मलकापुरात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शेषरावांनी आठ वर्षे एकाच प्रश्नास वाहिली होती: ज्या जुळ्या ताऱ्यांत एक तारा प्रखर चुंबकत्वाचा श्वेत बटू असतो, अशा जोड्या आकाशात किती असाव्यात? या जोड्या क्ष-किरण फेकतात, आणि उपग्रहांनी आकाशाची पाहणी केली तेव्हा त्यांपैकी मोजक्याच सापडल्या होत्या. परंतु पाहणीला तेजस्वी जोडी दुरूनही दिसते, मंद जोडी केवळ जवळची. म्हणून जवळ सापडलेली एक मंद जोडी न दिसलेल्या पुष्कळ जोड्यांची साक्ष ठरते. अशी एक मंद जोडी जवळ सापडली होती; तिच्या आधारावर अशा जोड्या विपुल आहेत, असे शेषरावांचे प्रतिपादन होते. मार्गदर्शकांना ते अमान्य होते, आणि शेषराव त्यांच्याशी अखेरपर्यंत भांडले होते. विद्यापीठाची शेवटची मुदत संपत आली होती. बांधलेला प्रबंध आज दुपारच्या गाडीने मुंबईस न्यायचा होता.

सकाळी ग्रंथालयातील नव्या नियतकालिकात त्यांनी वाचले, की ती मंद जोडी मानली होती त्याच्या तिप्पट दूर आहे. म्हणजे ती मंद नव्हतीच. तिप्पट अंतर म्हणजे सत्तावीस पट घनफळ; म्हणून गणितातला तिचा भार सत्तावीस पटींनी घटला. आणि प्रबंधाचा बहुतेक भार तिच्यावरच होता.

ते खोलीवर परतले तेव्हा देऊळघाटहून वडील, उत्तमराव, येऊन बसले होते. प्रबंध त्यांच्या मांडीवर होता.

“चावडीवर सांगून राह्यलो, माह्या पोरानं आभायाची आणेवारी काढली. भाऊराव म्हने, पीक कसं हाय? म्या म्हटलं, सोळा आणे!”

शेषरावांना हसू आले नाही. दुष्काळाच्या वर्षी गावच्या पिकाची आणेवारी ठरवताना साहेबांनी नमुना म्हणून विहिरीखालच्या, ओलिताच्या वावरातला तुकडा कापला होता, आणि त्या एका तुकड्यावरून सारे कोरडे शिवार पिकलेले ठरून शेतसारा माफ झाला नव्हता. उत्तमराव त्यासाठी वर्षभर तहसिलीत भांडले होते.

“बाबा, तुकडा चुकला.”

“कोनाचा?”

“माहा. एकाच ताऱ्यावरून सारं आभाय मोजलं. कोरडवाहू समजलो, तो विहिरीखालचा निघाला.”

“मंग तसे तारे नाहीतच म्हन.”

“असतीन. नसतीन. मंद असले तं पाहणीले दिसतच नाहीत. सांगता येत नाही, एवढंच उरलं.”

“आठ वर्सांनी?”

“हाव.”

उत्तमराव आवाज उतरवून म्हणाले, “देऊन टाक बे तसंच. आभायात कोन जाऊन मोजून राह्यलं?”

“तहसिलीत साहेब तुमाले हेच म्हनले होते.”

उत्तमरावांनी प्रबंध मांडीवरून उचलला, आणि कोठे ठेवावा हे न सुचून पुन्हा मांडीवरच ठेवला.

“चावडीवर काय सांगू मंग?”

स्टेशनात मुंबईची गाडी शिरल्याची शिटी ऐकू आली. दोघांपैकी कोणीही उठले नाही.