थोरल्यानं बोलायचं

“बसा आन् बोला म्हणं. बोलून खरूज गेलीया का कुणाची? मग दारू बरी जाईल,” कुशाबाई पदराआड पुटपुटली.

बाकडं अरुंद होतं. सासू-सुना मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, म्हणून ते साखरबाईला तेवढं ऐकू गेलं. टेबलापलीकडच्या डॉक्टरांना गेलं नाही. बाहेर बारामतीचा गुरुवारचा बाजार कलकलत होता.

साखरबाईची बोलायची सोयच नव्हती. पुढ्यातल्या खुर्चीवर थोरला दीर रामहरी बसला होता, आणि थोरल्या दिरापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही सणसरच्या त्या घराची रीत. घरातलं जे काही बोलणं असेल, सोयरिकीचं, वाटणीचं, भांडणाचं, ते थोरल्यानं बोलायचं. बाकीच्यांनी मान हलवायची. आणि अशा घरातली माणसं निघाली होती बोलून बरं करणाऱ्या डॉक्टरकडं.

डॉक्टर खटावकरांनी काही वर्षं पुण्यात वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टरकी करत काढली होती. खोकल्या-तापाला ते इतरांसारखंच औषध द्यायचे. पण पिणारा माणूस आला की औषधाची बाटली न काढता खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, सांगा. गावात त्यांच्या दवाखान्याला गप्पांचा दवाखाना म्हणत.

सरकारनं दारूबंदी केली होती. म्हणजे दुकानं बंद झाली होती, उसाच्या फडातल्या भट्ट्या नव्हत्या झाल्या. रामहरीचा धाकटा भाऊ, साखरबाईचा नवरा जोतीराम तिकडं जाऊ लागला, वर्षभरात पुरता बुडाला, तेव्हा रामहरीनंच त्याला पहिल्यांदा इथं आणला होता.

“किती पितात?” डॉक्टरांनी विचारलं होतं.

“पीत कोण न्हाय, डॉक्टरसायब. सरकारनं बंद केलीया न्हवं.”

“मग यांना आणलंत कशाला?”

“सुटावी म्हणून.”

नंतरचे कितीतरी गुरुवार डॉक्टर जोतीरामाला विचारत आणि उत्तर रामहरी देई. बोलता बोलता रामहरी आपलंच सांगू लागला. बाप लवकर गेला, सगळं अंगावर पडलं, रात्रीची झोप येत नाही. डॉक्टर मन लावून ऐकत. महिना-दोन महिन्यांत रामहरीला शांत झोप लागू लागली. उपचार लागू पडला होता, फक्त तो भलत्याच भावाला.

मग डॉक्टरांनी जोतीरामाला एकट्याला बसवायला सुरुवात केली. जोतीराम बोलायला गोड. डोळे भरून आणून बोलायचा, ऐकणाऱ्याला वाटावं, असला माणूस कुणाला त्रास तरी कसा देईल. डॉक्टर एकदा म्हणालेही, “दारू हे एक दुखणं आहे आणि तिच्यामागं स्वभावाचं एक दुखणं आहे. दोन्ही धरली पाहिजेत. एकच धरलं तर दुसरं वाढतं.” घरच्यांनी यातलं पहिलं तेवढं घरी नेलं.

पुढं जोतीरामानं खंडोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि खरोखरच दारू सोडली. ते साखरबाईनंही नाकारलं नसतं. एक थेंब नाही. दारूबंदीच्या सभेत त्याला बोलावून नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. कुशाबाईनं तो नारळ देव्हाऱ्यात ठेवला.

त्यानंतरच्या पंधरवड्यातली गोष्ट. लेक रतन चुलत्याच्या मांडीवर बसून जेवली. एवढंच झालं होतं. जोतीराम उठला, रतनला उचलून विहिरीच्या काठावर जाऊन बसला, पाय आत सोडून. पोरगी त्याच्या मांडीवर. “सांग, कुणाची हाईस तू? बाच्या लेकीला चुलता गोड लागतो व्हय?” आळी गोळा झाली. साखरबाईनं त्याच्या पाठीमागं गुडघे टेकले, पदर पसरला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठं तो उठला. आणि संध्याकाळी रतनला पेरू चिरून, मीठ लावून, एकेक फोड भरवत बसला. रडत होता.

तोंडाला वास नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे म्हणाले, दारू सोडल्याचा ताव असतोय, निवळंल.

साखरबाई रतनला कडेवर घेऊन वडगाव निंबाळकरला माहेरी गेली. तेव्हापासून तिकडंच होती. नवऱ्याला नारळ मिळाला होता, आणि असल्या नवऱ्याला टाकून आलेली बाई म्हणून वडगावच्या बायका पाणवठ्यावर तिच्याकडं बघायच्या. पिता होता तेव्हा निदान गार्‍हाणं सांगता येत होतं. आता देवाच्या शपथेचं माणूस, त्याच्याविरुद्ध ब्र काढायचा म्हणजे देवालाच नावं ठेवल्यासारखं. हे कुठलं बरं होणं, की ज्यात बायकोचं गार्‍हाणंसुद्धा काढून घेतलं जातं? चुलीपुढं बसली की तिच्या मनात हेच पेटायचं.

विहिरीचं कानावर आल्यावर आज डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं. रामहरीचा हिशेब सरळ होता. डॉक्टरांनी ‘बरा हाय’ म्हणायचं, तिसऱ्या प्रहरच्या एस.टी.नं सगळ्यांनी सणसरला जायचं, वडगावहून रतनला आणायला माणूस धाडायचं. साखरबाई गठुडं न घेता आली होती, हे त्यानं दारातच पाहिलं होतं.

जोतीराम दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. अंगात धुतलेला सदरा. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. ते पाहून साखरबाईचा हात रक्त टिपायला उगाच पदराकडं गेला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

“जोतीराम,” डॉक्टर म्हणाले, “विहिरीवर त्या दिवशी काय झालं?”

“काय न्हाय,” रामहरी म्हणाला. “ऊन लागलं हुतं त्याला.”

“मी त्यांना विचारलं.”

“मग त्येच्या वतीनंच सांगतोय की.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बरं. बाई, तुम्ही सांगा.”

“ती न्हाय बोलायची,” कुशाबाई म्हणाली. “थोरलं बसल्यात.”

“मग रामहरीराव थोडा वेळ बाहेर बसतील.”

“घरातलं बोलणं आन् मी भाईर?” रामहरी हसला, जागचा हलला नाही. “तिनं आयेला सांगावं. आये तुमाला सांगंल. आमच्याकडं असंच चालतंय.”

साखरबाईनं मान खाली घातली आणि सासूच्या कानाशी म्हणाली, “आत्याबाई, सांगा त्यास्नी, विहिरीवर बसले तवा धनी पिऊन न्हवते. शुद्धीत हुते. मला आन् रतनला तिथं जायचं भ्या वाटतंय.”

कुशाबाईनं घसा साफ केला. “ती म्हंतीया,” ती डॉक्टरांना म्हणाली, “आता समदं बरं हाय. कवा न्हेताय म्हंती.”

क्षणभर साखरबाईला हसूच आलं. मग ते हसू कुठंतरी आत जाऊन फुटलं. लग्नाला सहा वर्षं होत आली, आणि ह्या घरात तिचं सगळंच असं पोचलं होतं. तिनं एक म्हणायचं, आणि दुसऱ्या टोकाला पोचायचं ते ह्यांना हवं तेच. तिनं डोईवरचा पदर मागं केला.

“मी असं म्हणलं न्हाय,” ती म्हणाली. सरळ, मोठ्यानं, रामहरीकडं बघून. “भावजी, तुमी आता गप बसा. तुमची झोप बरी झाली, चांगलं झालं. आता ज्याला दुखतंय त्याला बोलू द्या.”

रामहरीनं, तिला आवर, म्हणून आईकडं पाहिलं.

“लगीन झालं त्या साली ह्यांनी मला लुगडं आणलं,” ती डॉक्टरांना सांगू लागली. “इंदापूरच्या बाजारातनं, हिरवं, नारळी काठाचं. सोता निवडलं हुतं. मी न्हेसले, आन् आधी थोरल्या जाऊबाईंना दावलं. ह्यांना मागनं. रात्री काय बोलले न्हाईत. सकाळी बघते तर लुगडं चुलीत. जळत हुतं आन् हे शेजारी बसून रडत हुते. म्हणले, तू माझी न्हाईस. मला ताप आला तर हेच माणूस रात रात पाय चेपत बसायचं, डॉक्टर. ते बी खोटं न्हवतं. पन उद्या कंचा माणूस उठणार, ते मला आज ठावं नसायचं.”

“तवाबी चोरून पीत आसंल,” रामहरी घाईनं म्हणाला. “त्या लुगड्याचं काय घिऊन बसलीस. दारूचंच काम त्ये.”

“दादा.”

जोतीराम बोलला होता. आज पहिल्यांदाच. रडत नव्हता, गोडही बोलत नव्हता.

“तवा मी थेंबाला शिवलो न्हवतो. तुला ठावं हाय. डॉक्टर इचारत्यात तवा मी दारूचंच सांगतो. सांगायला सोपं जातंय. पन हल्ली घरी गेलो की डोस्क्यात येतंय, त्याच्या आधीचं काय?” तो आईकडं वळला. “आये, मी ल्हान हुतो तवा कसा हुतो?”

“समद्या पोरांवानी,” कुशाबाई म्हणाली.

“खरं सांग.”

“आये, चल, गाडीची येळ झाली,” रामहरी उठला.

कुशाबाई उठली नाही. तिनं साखरबाईकडं पाहिलं, पदर सरलेल्या तिच्या डोक्याकडं.

“आठ वर्साचा हुता,” ती म्हणाली. “करडू पाळलं हुतं ह्यानं. हाताखाली घिऊन निजायचा. एक दिस ते दुसऱ्या पोराच्या मागं गेलं, तर ह्यानं उचलून विहिरीत टाकलं. आन् मग त्याच्यापायी तीन दिस जेवला न्हाय.”

“आये, आता बास,” रामहरी म्हणाला.

“बास कशाला? तूच काढलं हुतंस ते करडू वर.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि डॉक्टरांकडं न बघता, सुनेकडं बघत म्हणाली, “दारू लई मागनं आली, पोरी. ह्यो पहिल्यापास्नं असाच हाय. लगीन केलं की निवळंल म्हणून तुला करून आणली, आन् आमाला समद्यांना ठावं असून तुझ्या बापाला आमी कुणी सांगितलं न्हाय.”