प्रार्थनेतली गाळलेली ओळ

आमचे हे चर्चमध्ये डीकन, म्हणजे पूजेत हाताखालचे. मान पाद्रीबाबांचा, पण आवाज यांचा. तेहतीस वर्षं यांनी खड्या आवाजात एकेक प्रार्थना म्हणायची आणि कठड्याशी उभ्या आम्ही गाणाऱ्यांनी ‘प्रभू, दया कर’ म्हणायचं. त्यात एक ओळ झारसाठी असायची. झारचं नाव, राणीचं, युवराजाचं, सगळ्या बिरुदांसकट. झोपेतून उठवलं तरी हे ती धडाधड म्हणतील, आणि खरं सांगायचं तर मीही.

मग झारने गादी सोडली. तीनशे वर्षांचं घराणं, एका कागदावर सही केली आणि आटोपलं. वरून हुकूम आला, ती ओळ गाळा. हे मुकाट्याने गाळायला शिकलेसुद्धा. पण यंदा वसंतात यांना टायफस झाला. तीन आठवडे ताप हटेना. उठले तेव्हा जुनं सगळं तोंडपाठ आणि गेल्या दोन वर्षांतलं सगळं साफ पुसलेलं, नवं सांगावं तर टिकत नाही. कपाळ माझं!

जूनमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेत यांनी झारचं नाव घेतलंच. दुसऱ्या दिवशी नव्या सरकारच्या कमिटीतला झोतिक घरी आला. कातडी कमावणाऱ्यांचा मुलगा, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. टोपी काढून दारातच उभा राहिला.

“काकू, या खेपेला मी म्हातारचळ म्हणून लिहिलं. पुन्हा झालं तर माझ्या हातात काही नाही. शहरातून जो नवा साहेब आलाय ना, तो सरळ भिंतीशी उभं करून गोळी घालतो.”

“मोठा आलाय साहेब! आजारी माणूस आहे रे तो, झोत्या.”

“आजारी आहेत तर घरात बसवा ना! हवं तर खाटेला बांधा. मी पाया पडतो तुमच्या.”

बसवलं घरात. जुलैत बातमी आली की झारला गोळ्या घातल्या, येकातेरिनबुर्गला. मी यांना सांगितलं. हे ढसाढसा रडले, जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणतात, “अगं, झारमहाराजांची काही खबर?” पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच रडले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, बरे आहेत. मला दुसरं काही सुचलं नाही हो.

ऑगस्टात सफरचंदांचा सण आला. लोक टोपल्या भरभरून फळं आणतात, ती मंतरून घेतल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. चार दिवस आधीपासून यांनी माझं डोकं खाल्लं.

“लोक फळं घेऊन येणार आणि डीकन कुठे? तर चुलीमागे! मी काय कोंबडी आहे, डालून ठेवायला?”

“अहो, तुमच्या बऱ्यासाठीच.”

“मग एकदा म्हणू दे ना गं. एकदाच.”

आणि रडायला लागले. मी विरघळले. पाद्रीबाबा आवेर्की नको नको म्हणत होते. मीच म्हटलं, बाबा, मी तयारी करून घेते. मीच! कुणी माझं तोंड शिवलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवस स्वयंपाकघरात तालीम चालली. हे प्रार्थना म्हणायचे. झारच्या ओळीपाशी आले की मी टेबलावर लाकडी चमचा आपटायची. हे थांबायचे आणि पुढच्या, ‘आपल्या गावासाठी’ या ओळीवर उडी मारायचे. शेवटच्या दिवशी वीस वेळा म्हटलं, वीसही वेळा बरोबर.

सणाच्या सकाळी चर्च फुलून गेलं होतं. सफरचंदांच्या वासाने जीव गुदमरत होता. खांबाशी झोतिक आणि त्याच्या शेजारी तो शहरातला साहेब, टोपी न काढलेला. यांनी सुरुवात केली. काय आवाज लागला होता! तीन महिन्यांत असा लागला नव्हता. धर्मगुरूंसाठी प्रार्थना झाली. आम्ही म्हटलं, ‘प्रभू, दया कर.’

आणि हे थांबले. अगदी बरोबर जागी थांबले.

मी मनात म्हटलं, चला, आता गाव. पण गाव येईना. चमचा वाजला नव्हता ना! हे ओठ हलवत राहिले, मग वळून माझ्याकडे बघायला लागले. असे केविलवाणे बघत होते. चर्चमध्ये कुणी खोकत नव्हतं. शहरातल्या माणसाने मान वर केली. आता सांगितलंच पाहिजे, पटकन, दोनच शब्द, ‘आपल्या गावासाठी’. मी कठड्यावरून वाकले, तोंड उघडलं आणि पुटपुटले,

“आपल्या धर्मनिष्ठ, सार्वभौम, महान सम्राट...”

देवाशपथ, मला कळलंच नाही. जीभ आपोआप त्या वाटेने गेली. यांचा चेहरा एकदम खुलला. छाती भरून श्वास घेतला आणि झार निकोलाय, राणी, युवराज, एकही बिरुद न गाळता सगळी ओळ घुमटापर्यंत नेली. आणि आमचे गाणारे? तेहतीस वर्षांची सवय! सगळ्यांनी एका सुरात ‘प्रभू, दया कर’ म्हटलं. सगळ्या चर्चने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. झोतिकचाही हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थिजला.

“मी सांगितलं!” मी किंचाळले, गर्दीत घुसले. “माझं तोंड! मला धरा! त्यांना काही आठवत नाही हो!”

“आवाज कुणाचा होता ते सगळ्यांनी ऐकलं, बाई,” शहरातला म्हणाला. झोतिक जमिनीकडे बघत होता.

“झोत्या, तू तरी बोल की रे!”

झोतिकने आणि त्या साहेबाने यांचे दंड धरले. यांना वाटलं, धरून चालवताहेत, आजारी माणूस म्हणून. माझ्यापाशी आल्यावर हे थांबले, माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला.

“बरं झालं सांगितलंस, ग्लाफिरा,” हे म्हणाले. “मी अगदी विसरलोच होतो बघ.”