बिनरंगाचं पाणी

दादाने पाण्याची बरणी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. "बघ! नळाच्या पाण्याहून स्वच्छ. आता तरी दोन शब्द बरे बोल."

दादा कापड रंगवायच्या कारखान्यात मॅनेजर आणि त्याची धाकटी बहीण पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट. कारखान्याच्या सांडपाण्याने नदी लालभडक व्हायची, म्हणून वर्षभर तिने त्याचं डोकं खाल्लं होतं. बरणीतलं पाणी मात्र खरंच नितळ होतं.

"केलंस काय?"

"टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद केले. हवा नसली की गाळातले जंतूच रंग खातात. महिना झाला, नदी एकदम स्वच्छ!"

तिने कपाळावर हात मारला. "अरे खात नाहीत, नुसता तोडतात! रंग तुटला की दिसेनासा होतो, पण त्याचे तुकडे पाण्यातच राहतात. ते रंगाहून विषारी असू शकतात."

"म्हणजे लाल असलं तरी बोंब, नसलं तरी बोंब!"

"आधी जेवा दोघं," वहिनी वैतागून म्हणाली आणि तिने बरणी उचलून दूर नेली.

बहिणीने ते पाणी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यात पाणपिसवा सोडल्या. मोहरीएवढे हे जीव उड्या मारत पोहतात. दोन दिवसांनी तिने दादाला प्रयोगशाळेत बोलावलं. साध्या पाण्यातल्या पाणपिसवा टुणटुण उडत होत्या. त्याच्या पाण्यातल्या तळाशी पडून होत्या. त्याने काचेवर टिचकी मारली.

"झोपल्यात का?"

"मेल्यात, दादा."

त्याने तिथूनच कारखान्यात फोन लावला. "नदीकडे जाणारं पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा." फोन ठेवून तो तिच्यावरच खेकसला, "सांग आता, काय करू?"

"पहिल्या टाकीत रंग तुटू दे. मग तेच पाणी दुसऱ्या टाकीत घे, तिथे भरपूर हवा दे. तिथले जंतू हे तुकडे खातील. म्हणजे, बरेचसे."

"बरेचसे!" दादाने हात जोडले. पण टाकी बांधली.

नव्या टाकीतल्या पाण्यात पाणपिसवा जगल्या. उरलेल्या तुकड्यांना मात्र हवा लागून पाणी पिवळट झालं होतं. ते नदीत सोडल्यावर आठवड्यातच काठावरच्या वस्तीतल्या बायका प्रयोगशाळेत धडकल्या.

"मॅडम, मध्ये पाणी किती छान होतं! तुम्ही काय घोळ घातलात?"

तिने समजावलं. त्यांना पटेना. तिने पुन्हा समजावलं. तिचा आवाज चढायला लागला, तेवढ्यात एकीने विचारलं, "म्हणजे ते स्वच्छ पाणी वाईट होतं? आमची पोरं तर रोज डुंबत होती त्यात. इतकी वर्षं लाल बघून कोणी उतरायचं नाही."

तिने समजावणं तिथेच सोडलं.

"कुणाला खाज, पुरळ?"

दोघींनी होकारार्थी माना हलवल्या.

"त्यांना आजच डॉक्टरकडे न्या. आणि मी सांगेपर्यंत कुणीही नदीत उतरायचं नाही. पाणी कसंही दिसू दे."

मग तिने दादाला फोन लावला. "हातातलं काम टाक आणि इकडे ये. या काय म्हणताहेत ते तुझ्या कानांनी ऐक."

"आता काय झालं बाई?" तो करवादला.

"ये म्हटलं ना!" तिने फोन आपटला आणि बायकांसाठी खुर्च्या ओढल्या.