लिंबाला दिलेला शब्द

पंचायतीच्या अंगणातला लिंब तोडायला गावानं हात वर केले, त्यात पहिला हात माझा व्हता. कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार नाय. माझाच व्हता, आन् त्याचा मला आजबी लई संताप येतो.

आमचं गाव पाचोडच्या अलीकडं. एकाच अंगणात इकडं ग्रामपंचायत, तिकडं सरकारी उपकेंद्र, मधी लिंब. तो म्या लावलेला. कडुबा पोटात व्हता तव्हा रोज कळशीभर पाणी घालून जगवलेला.

सुनेचं, सत्यभामाचं, पहिलं लेकरू त्याच उपकेंद्रात गेलं. ऐन येळंला लाईट गेली. सुकेशनी सिस्टरनं मोबाईल दातात धरला आन् दोन्ही हातांनी झटल्या, पर नाळ गळ्याला गुंडाळलेली दिसली तव्हा उशीर झाला व्हता. भिताडाला टेकून त्या रडल्या. त्यांचा काय दोष? अंधारात कुणाला काय दिसणार.

म्हणून आदिनाथ सरपंचानं ग्रामसभेत सोलरचं काढलं तव्हा माझं काळीज सुपाएवढं झालं. त्यो म्हणला, पंचायतीच्या छतावर प्लेटा बसवू, बॅटरी ठिवू, आन् तिथून वायर वढून उपकेंद्रात बाळंतपणाच्या खोलीला दोन दिवे देऊ. गावानं फकस्त श्रमदान करायचं. आन् लिंबाची सावली छतावर पडती, तेवढा लिंब काढायचा. सगळे माझ्याकडं बघायले. म्या हात वर केला. मग रजिस्टरवर अंगठे झाले. कागद कुणी वाचून घेतला नाय. आमच्यात चार माणसांत बोललं म्हंजी ते झालंच, अशी आमची अक्कल.

आमच्या घरात हिरवं झाड तोडायचं तर आदल्या सांजंला त्याला इचारावं लागतं. बुडाला भंडारा लावायचा, नारळ ठिवायचा, आन् काऊन तोडतो ते तोंडानं सांगायचं. कारण खरं पायजे. खोटं सांगून तोडलं तर त्याचं पाप सांगणाराच्या घरावर. म्या बुंध्याला हात लावला आन् म्हणलं, "बाबा, बाळंतिणीला उजेड पायजे, म्हणून तुला काढायलोत. राग धरू नको."

सकाळी कडुबानंच कुऱ्हाड चालवली. बायांनी घमेल्यानं वाळू-खडी छतावर नेली. प्लेटा बसल्या, फीत कापली, फोटो निघाले. फोटोत मीबी हाय, येड्यावानी हसायले.

वायर काय आली नाय. चार महिने चकरा मारल्या. आज माणूस नाय, उद्या सामान नाय. शेवटी ग्रामसेवकानं ठराव वाचून दाखवला. त्यात नुसतं ग्रामपंचायत कार्यालय लिवलेलं. बाळंतपणाची खोली कुठंच नाय. उपकेंद्र दुसऱ्या खात्याचं, म्हणला, तिथं आपल्याला हात लावता येत नाय. मग सभंत काऊन सांगितलं? तर म्हणे, ते बोलणं व्हतं आज्जी, ठराव येगळा. मेल्याला लाज वाटली नाय.

लिंबाच्या लाकडाचं मातर सोनं झालं. पाचोडच्या सुतारानं त्याचं सरपंचाच्या खोलीसाठी हे एवढं टेबल करून दिलं. वर पंखा, ट्यूबा, टीव्ही. आन् लसीच्या दिवशी लेकुरवाळ्या बाया उन्हात बसायच्या, कारण सावली व्हती ती आम्हीच तोडलेली.

फाल्गुनात दिवस कलायला सत्यभामाला कळा आल्या. उपकेंद्रात नेली, खाटंवर घेतली, बाहेर अंधारून आलं आन् लाईट गेली. सिस्टरनं मोबाईल काढला. तो मोबाईल बघून माझं डोकंच सणकलं. समोर पंचायतीत ट्यूबा जळत व्हत्या, आत चिटपाखरू नाय, शिपाई चहाला गेलेला, दार सताड उघडं. म्या म्हणलं, हिला धरा, तिकडं नेऊ.

"मावशी, माझी नोकरी जाईल," सिस्टर म्हणल्या.

त्यांनी हातातल्या मोबाईलकडं बघितलं आन् सत्यभामाच्या काखंत हात घातला.

कागद सरकवले, चादर टाकली, आन् त्या टेबलावर पोर झाली. याबी खेपंला नाळ गळ्याला व्हती. पर उजेड व्हता. सिस्टरला दिसली, बोट घालून त्यांनी सोडवली, आन् पोरीनं टाहो फोडला. कडुबा दारात उभा राहून लहान लेकरावानी रडला. म्या टेबलाच्या कडंला हात ठिवला आन् मनात म्हणलं, बाबा, बोलल्यापरमाणं झालं बघ.

आठ दिसांनी सभा लावली. इषय काय, तर कार्यालयाचा गैरवापर. टेबलाला विटाळ झाला म्हणून ते गोमूत्रानं धुतलं व्हतं. सिस्टरच्या साहेबाकडं तक्रार गेली व्हती. आदिनाथ मला म्हणला, काकू, तुमची भावना कळती, पर सरकारी मालमत्ता हाय, उद्या कुणीबी घुसंल. पाच वाजले की कुलूप, आन् बाहेरच्या माणसाला मनाई, असा ठराव मांडला.

मी उभी राहिले. लिंबाला काय सांगितलं व्हतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग कुलपाच्या ठरावाला हात वर झाले. ज्या हातांनी वाळू-खडी वर नेली तेच हात.

म्या मागं वळून बघितलं. दाराजवळ कडुबा उभा व्हता. त्याच्या घरकुलाची फाईल सरपंचाच्या ड्रॉवरात, हे मला ठावं व्हतं. त्यानं खाली बघितलं आन् हात वर केला. असं वाटलं, तिथंच त्याच्या थोबाडीत द्यावी.

घरी आले तर सत्यभामा पोरीला पाजत बसलेली. तिनं इचारलं, सभंत काय झालं.

"कुलूप लावणार हायेत," म्या म्हणलं.

"आपल्या बाजूनं कुणी नव्हतं का, आत्या?"

कडुबा दारात पाय धुयाला थांबला व्हता. त्यानं तांब्या तसाच हातात धरला. म्या त्याच्याकडं बघितलंबी नाय.

"व्हता की," म्हणलं. "तुझा नवरा."