दोन आवाजांची कॅसेट

मित्रांनो, मला हलवलंत तर आत खुळखुळेल. घाबरू नका. मी एक जुनी कॅसेट आहे, आणि म्हातारपणी हाडं वाजायचीच. माझी फीत दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली आहे, तेवढी सांभाळा.

माझा जन्म परदेशातला, पण मला वाचा फुटली ती रत्नागिरीत, आंब्याच्या पेट्या ठेवायच्या एका शेडमध्ये. साल असेल शहाऐंशी. तिथे रघू आणि अयूब हे दोन दोस्त बसायचे. अयूबच्या मामूने कुवेतहून टेप आणला होता. सोबत मी कोरी आणि माझी एक भरलेली बहीण. तिच्या पोटात अमेरिकेतले दोन गडी होते. ते गात नव्हते, ठेक्यावर बोलत होते. एकाचा आवाज जाड, दुसऱ्याचा धारदार, आणि मागे असा ठेका की बसल्याजागी पाय हलावा. त्याला रॅप म्हणतात हे तिथे कोणाला ठाऊक असणार!

"आयला, ही तर आपली जाखडी!" रघू ओरडला.

रघूचे वडील गणपतीत जाखडी नाचात सवाल-जवाब गाणारे बुवा. पोराचा आवाज ढोलकीसारखा, आणि डोकं तापट. अयूब काटकुळा, चारचौघांत तोंड न उघडणारा. पण ठेका सुरू झाला की त्याची जीभ कात्रीसारखी चाले. रघू ओळ लांबवत नेई. त्याचा दम संपतो न संपतो तोच अयूब शेवटचा शब्द उचलून पळत सुटे. कोण कुठे थांबणार हे त्यांनी कधी ठरवलं नाही, नुसते एकमेकांकडे बघत. मासळीबाजार, एस.टी.ची गर्दी, आंब्याचे दलाल, सगळं त्यांनी माझ्यात भरलं. मग अयूबने माझ्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडला. तो मोडला की कॅसेटवर दुसरा आवाज भरता येत नाही. मला तर पदक मिळाल्यासारखं वाटलं.

मी लग्नांत वाजले, गणपतीत वाजले. आणि लोकांनी रघूला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "जाखडीच्या बारीला बुवा एकच असतो. त्यो काटकुळा कशाला हवाय?" रघूला ते पटलं. अयूबला आखातात बोटीवर नोकरी लागली, तेव्हा रघू त्याला निरोप द्यायलासुद्धा गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने तुकडा मोडून पडलेल्या माझ्या पाठीच्या भोकात कागद कोंबला. भोक बुजलं की पुन्हा आवाज भरता येतो. मग त्याने रेकॉर्डचं लाल बटण दाबलं आणि दोघांच्या ओळी एकट्याने म्हणायला लागला. अयूबचा एकेक शब्द माझ्यातून पुसला जात होता. मला ओरडता येत नव्हतं. शेवटाकडे येता येता रघूचा दम संपला. सवयीने त्याने शेजारी पाहिलं. तिथे नुसत्या पेट्या होत्या. त्याने बटण बंद केलं.

पुढच्या वर्षी आखातातल्या लढाईत अयूबच्या बोटीची खबर येईनाशी झाली. एके दुपारी त्याची आई फातिमाचाची शेडमध्ये आली.

"रघू, माज्या अयूबचा आवाज लाव रे जरा."

रघूचा चेहरा पडला. पण त्याने मला लावलं. रघूचा आवाज, पुन्हा रघूचाच. चाची वाट बघत राहिली.

"हितं तू दम घ्यायचास, नि माजा अयूब बोलायचा ना रे?"

"मीच पुसला, चाची," रघू म्हणाला आणि रडायला लागला.

चाची एका पेटीवर टेकली. मग म्हणाली, "म्होरं काय उरलाय तां लाव."

रघूने बटण बंद केलं होतं तिथे खट् असा आवाज झाला आणि जुना शेवटचा तुकडा सुरू झाला. अयूबच्या दोन भरभर ओळी, आणि एक हसू. चाचीने कान स्पीकरला लावला.

"परत लाव."

ते हसू वाजवून वाजवूनच माझी फीत दोनदा तुटली. चाची आता नाही. अयूब आलाच नाही. रघूचे केस पिकले, पण तो मला अजून लावतो. हसू संपलं तरी टेप बंद करत नाही, पुढची कोरी फीत सरेपर्यंत बसून राहतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी कॅसेट असेल तर तिची पाठ बघा. तिथे भोक दिसलं तर समजा, कोणीतरी कोणाचा तरी आवाज जपून ठेवला आहे. त्यात कागद कोंबू नका.